मोठ्या कॅमेऱ्याची चालती फिल्म

वेरूळचें सोळावें लेणें, म्हणजे कैलास, हें डोंगर वरून खालीं कोरीत नेऊन घडविलेलें मंदिर आहे. त्याचें अंगण तळाशीं सुमारें ८४ मीटर लांब व ४७ मीटर रुंद असून मागचा कडा ३० मीटरांहून उंच आहे. अशा बंदिस्त जागेंत छायाचित्रकारास मागें सरण्यास फारसा वाव नसतो. शिखर चित्रांत यावें म्हणून साधा कॅमेरा वर रोखला, कीं सरळ उभे असलेले स्तंभ चित्रांत आंतल्या बाजूस कलल्यासारखे दिसूं लागतात. भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यांत हा दोष टाळतां येतो. कॅमेऱ्याची पाठ भिंतीसारखी उभी ठेवून केवळ भिंग वर सरकविलें, म्हणजे शिखरहि चित्रांत येतें आणि स्तंभहि सरळ राहतात. वास्तूंचें छायाचित्रण करणाऱ्यांनीं हा अवजड कॅमेरा दीर्घकाळ सोडला नाहीं, त्याचें मोठें कारण हेंच होय.

परंतु या कॅमेऱ्यांत एका वेळीं एकच चित्र घेतां येतें. प्रथम मागील दुधी कांचेवर उलटी प्रतिमा पाहून ती स्पष्ट करावयाची. मग प्लेटची चपटी पेटी पाठीस बसवावयाची. पेटीचें झांकण ओढावयाचें. भिंगाची झडप उघडून मिटावयाची. झांकण परत सारून पेटी काढावयाची. आणि दुसऱ्या चित्रासाठीं हा सर्व विधि पुन्हां प्रथमपासून करावयाचा. या कॅमेऱ्याच्या पाठीस प्लेटऐवजीं फिल्मची गुंडाळी बसवितां येईल काय, आणि ती गुंडाळी हातानें न फिरवितां यंत्रानें फिरवितां येईल काय, असे दोन प्रश्न त्यामुळें उत्पन्न झाले. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरानें छायाचित्रकाराच्या पाठीवरचें ओझें हलकें केलें. दुसऱ्याच्या उत्तरानें देशोदेशींचे नकाशे घडविले.

ओझें किती होतें याचा हिशेब सोपा आहे. साडेसहा इंच रुंद व साडेआठ इंच लांब अशी ‘फुल-प्लेट’ घेतली आणि तिची जाडी दोन मिलिमीटर धरली, तर एका कांचेचें वजन सुमारें पावणेदोनशें ग्रॅम होतें. दोन डझन कांचा म्हणजे सव्वाचार किलो. पेट्यांचें वजन निराळेंच. शिवाय १८५१ नंतर प्रचारांत आलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतींत प्लेट जागेवरच तयार करून ती सुकण्यापूर्वीं चित्र घेऊन धुवावी लागे. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर अंधारा तंबू, रसायनें आणि पाणीहि वाहून न्यावें लागे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठीं आलेले रॉबर्ट गिल यांनीं पुढें कॅमेरा हातीं घेतला आणि अजिंठा-वेरूळच्या परिसराचीं जोडचित्रें काढलीं. तीं १८६४ सालीं जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. गिल यांनीं रंगविलेल्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ सालीं लागलेल्या आगींत गेल्या. छायाचित्रांच्या प्रती मात्र अनेक ठिकाणीं पसरलेल्या असल्यानें उरल्या. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचें कामहि अशाच कांचांवर झालें. त्यांच्या २,८०० हून अधिक कांचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या संग्रहीं आहेत. कांच जड आहे, फुटते, पण शंभर वर्षांनंतरहि ती वांकत नाहीं आणि आक्रसत नाहीं.

गुंडाळीची कल्पना ज्याला समजून घ्यावयाची असेल त्यानें हिमरूचा किंवा पैठणीचा माग डोळ्यांपुढें आणावा. एका रुळावरील ताणा सुटत येतो, मध्यें विणकराचें काम होतें, आणि तयार कापड दुसऱ्या रुळावर गुंडाळलें जातें. कॅमेऱ्याच्या पाठीस बसविलेल्या पेटींत नेमकें हेंच घडतें. एका रुळावर कोरी फिल्म असते, ती भिंगासमोरील चौकटीवरून सरकते आणि चित्र उमटलेला भाग दुसऱ्या रुळावर जातो. मेल्हुइश व स्पेन्सर या दोघां इंग्रजांनीं १८५४ सालींच मेणकागदाच्या पट्टीसाठीं अशी पेटी योजली होती. १८७५ सालीं लिऑन वॉर्नर्क यानें तिची सुधारलेली आवृत्ति काढली. परंतु व्यवहारांत यश आलें तें अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन आणि विल्यम वॉकर यांच्या १८८५ च्या रोल-होल्डरला. ही पेटी कोणत्याहि प्रचलित प्लेट-कॅमेऱ्यास बसे आणि तिच्यांत चोवीस चित्रांपुरता संवेदनशील कागद मावे. चार वर्षांनीं कागदाची जागा पारदर्शक सेल्युलॉइडनें घेतली आणि गुंडाळी स्थिर झाली.

दिसण्यांत सोप्या असलेल्या या पेटींत दोन अडचणी दडलेल्या आहेत. त्यांपैकीं पहिली मोजमापाची. प्रत्येक चित्रानंतर ठराविक लांबीची फिल्म पुढें गेली पाहिजे. रुळाचे फेरे मोजले म्हणजे झालें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण तें खरें नाहीं. फिल्म जसजशी गुंडाळली जाते तसतसा रूळ जाड होत जातो आणि एका फेऱ्यांत अधिक फिल्म ओढूं लागतो. तीन सेंटीमीटर व्यासाच्या रुळावर दहांश मिलिमीटर जाडीची साठ मीटर फिल्म गुंडाळली, तर शेवटीं व्यास नऊ सेंटीमीटरांच्या वर जातो. पहिल्या फेऱ्यांत साडेनऊ सेंटीमीटर फिल्म ओढणारा रूळ अखेरीस एका फेऱ्यांत जवळजवळ एकोणतीस सेंटीमीटर ओढतो. म्हणजे फेरे मोजून चालणाऱ्या यंत्रांत आरंभीं चित्रें एकमेकांवर चढतील आणि शेवटीं त्यांच्यामध्यें कोरी फिल्म वाया जाईल. यावर उपाय असा, कीं गुंडाळणाऱ्या रुळाकडे पाहावयाचेंच नाहीं. फिल्मला चिकटून फिरणारा एक निराळा मापक रूळ ठेवावयाचा. त्याची जाडी कधींच बदलत नाहीं, म्हणून त्याचा एक फेरा म्हणजे नेहमीं तितकीच फिल्म. घरगुती कॅमेऱ्यांत याहून सोपी युक्ति होती. फिल्मच्या पाठीस कागद लावून त्यावर आंकडे छापीत आणि कॅमेऱ्यास मागें लाल खिडकी ठेवीत. बडोद्यास तयार होणारा ‘अ‍ॅग्फा क्लिक-३’ ज्या घरांत होता, त्या घरांतील वडील मंडळींना या खिडकींतून सरकणारे आंकडे खात्रीनें आठवत असतील.

दुसरी अडचण सपाटीची, आणि ती अधिक खोल आहे. कांच स्वभावतःच सपाट असते. फिल्म स्वभावतः गुंडाळीकडे ओढ घेते. तिला सपाट करावें लागतें. देवगांव रंगारी या गांवाच्या नांवांतच ज्यांचा धंदा वस्तीस आहे, त्या रंगाऱ्यांना हें तत्त्व सांगावयास नको. कापडास चुणी पडली कीं तेथें रंग सारखा लागत नाहीं. फिल्मला पडलेला किंचित् फुगारा याच प्रकारें चित्र बिघडवितो, कारण भिंगानें पाडलेली स्पष्ट प्रतिमा एका सपाट पातळीवरच असते. लहान चित्रांत मागून दाबणारी एक पट्टी पुरते. चौकट जसजशी मोठी होते तसतसा मधला भाग अधिक मोकळा राहतो, आणि केवळ दोन्ही कडांनीं ताणून धरलेली फिल्म तेथें फुगते. म्हणूनच मोठ्या यांत्रिक पेट्यांत फिल्मच्या मागें बारीक छिद्रांची धातूची पाटी बसवितात आणि पंपानें हवा ओढून घेऊन फिल्म त्या पाटीस चिकटवितात. छिद्रांतून हवा गेली कीं बाहेरच्या हवेचा दाबच फिल्मला सपाट धरतो.

या दोन अडचणी हातानें चालणाऱ्या पेटींतहि होत्या. यंत्रानें फिल्म चालविण्याची गरज प्रथम एका निराळ्याच कामांत ठळकपणें दिसून आली. विल्यम जॉन्स्टन यानें १९०४ सालीं ‘सर्कट’ नांवाच्या रचनेचें पेटंट घेतलें. त्याच्या कांहीं प्रकारांत नेहमींच्याच भात्याच्या कॅमेऱ्याच्या पाठीस घड्याळाच्या कमानीवर चालणारी गुंडाळीची पेटी जोडीत. कॅमेरा दातेरी चाकाच्या बैठकीवर हळूहळू फिरे आणि त्याच वेळीं आंतील फिल्म एका अरुंद फटीमागून सरके. फटींतून पडणारी प्रतिमा ज्या वेगानें हलते, अगदीं त्याच वेगानें फिल्महि हलली पाहिजे. तरच चित्र स्पष्ट उमटतें. भिंगापासून फिल्मपर्यंतचें अंतर पंचवीस सेंटीमीटर असेल, तर पूर्ण वर्तुळ टिपण्यास सुमारें १५७ सेंटीमीटर फिल्म लागते. मनुष्याच्या हातास इतका सम वेग साधणें शक्य नाहीं. शेंकडों माणसांचीं लांबलचक समूहचित्रें या कॅमेऱ्यानें घेतलीं जात. लोकांना अर्धवर्तुळांत उभें करीत. चित्रांत ती रांग सरळ दिसे. एखादा खट्याळ मुलगा एका टोकास चित्र देऊन मागून धांवत दुसऱ्या टोकास जाई आणि एकाच चित्रांत दोनदां झळके.

सम वेगाइतकेंच महत्त्व सम अंतरालाला आहे. त्याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतलेंच आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं प्लेट-कॅमेऱ्यावर काम करणारे छायाचित्रकार होते आणि पुराणवस्तु-संशोधन खात्यांतहि त्यांनीं कांहीं काळ नोकरी केली होती. १९१२ सालीं लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनीं वाटाण्याचें रोप कसें वाढतें याचा लहानसा चित्रपट केला. कॅमेरा जागचा हलवावयाचा नाहीं आणि ठराविक काळानें एकेक चित्र घेत जावयाचें, अशी ती रीत होती. प्रत्येक चित्र स्वतंत्रपणें पाहिलें तर त्यांत विशेष कांहीं नाहीं. परंतु सारख्या अंतरानें घेतलेलीं चित्रें एकापुढें एक ठेवलीं, म्हणजे डोळ्यांस कधींच न दिसणारी वाढ दिसूं लागते. मालिकेंतून मिळणारें ज्ञान एकट्या चित्रांत नसतें. मात्र अट एकच, कीं अंतर सारखें असलें पाहिजे.

हीच अट विमानांतून केलेल्या छायाचित्रणांत कशी लागू पडते तें पाहूं. वेरूळच्या डोंगरापासून पश्चिमेस कन्नड तालुक्यांतील देवगांव रंगारीपर्यंतचा मुलूख नकाशासाठीं वरून टिपावयाचा आहे, अशी कल्पना करावी. नकाशाच्या कामांतील कॅमेऱ्याचें चित्र बहुधा २३ सेंटीमीटर चौरस असे आणि भिंगाचें केंद्रांतर १५२ मिलिमीटर. विमान जमिनीपासून ३,०४० मीटर उंचीवर असेल, तर चित्राचें प्रमाण वीस हजारांस एक असें पडतें आणि एका चित्रांत जमिनीचा ४.६ किलोमीटर चौरस तुकडा येतो. लागोपाठच्या दोन चित्रांत साठ टक्के भाग सामाईक ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे विमान सुमारें १.८४ किलोमीटर पुढें गेलें, कीं दुसरें चित्र घेतलेंच पाहिजे. ताशीं १८० किलोमीटर वेगानें हें अंतर सुमारें ३७ सेकंदांत तोडलें जातें, आणि वेग दुप्पट झाला तर निम्म्या वेळांत.

साठ टक्के भाग दोनदां कां घ्यावयाचा, असें कोणी विचारील. मनुष्याला खोली कळते ती दोन डोळ्यांमुळें. गिल यांचीं जोडचित्रें दुर्बिणीसारख्या उपकरणांतून पाहिलीं असतां स्तंभ पुढें आलेले दिसतात, तें याच कारणानें. विमानाचीं लागोपाठचीं दोन स्थानें म्हणजे जणुं एका प्रचंड प्राण्याचे दोन डोळेच. जमिनीवरील प्रत्येक बिंदु निदान दोन चित्रांत आला, तरच टेकडी किती उंच व ओढा किती खोल तें मोजतां येतें. एक चित्र चुकलें तर नकाशांत खिंडार पडतें. प्लेट बदलीत बसण्यास येथें सवड नाहीं. हात चुकण्यासहि नाहीं.

म्हणून विमानी कॅमेऱ्यांत गुंडाळी व मोटर यांची जोडी अपरिहार्य ठरली. ब्रिटिश विमानदलाच्या १९२५ सालच्या ‘एफ-२४’ कॅमेऱ्यांत पांच इंच चौरसाचीं १२५ चित्रें एका गुंडाळीवर निघत. पुढील मोठ्या कॅमेऱ्यांतील पेटीचें काम साधारणपणें असें चाले: झडप मिटतांच पंपाची ओढ सुटते आणि फिल्म पाटीपासून मोकळी होते, मोटर फिरूं लागते, मापक रूळ ठरलेली लांबी भरतांच मोटर थांबवितो, पाटी फिल्मला पुन्हां ओढून धरते, आणि कॅमेरा पुढच्या ठोक्याची वाट पाहतो. सर्व मिळून कांहीं सेकंदांचा अवधि. चोवीस सेंटीमीटर रुंदीच्या साठ मीटर फिल्मवर अशीं जवळजवळ २४० चित्रें बसतात. यांत सपाटीचें मोल किती, तें आंकड्यांनींच समजावें. चित्राच्या कोपऱ्यांत, जेथें किरण सुमारें पंचेचाळीस अंशांनीं तिरपे येतात, तेथें फिल्म मिलिमीटराच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी उचलली, तर प्रतिमा तेवढीच सरकते. आणि वरील प्रमाणांत जमिनीवर ती चूक चाळीस सेंटीमीटर होते. एवढ्यांत शेताचा बांध इकडचा तिकडे होऊं शकतो. यंत्राच्या घाईचाहि एक धोका आहे. कोरड्या हवेंत फिल्म वेगानें ओढली, तर घर्षणानें वीज उत्पन्न होऊन तिच्या ठिणग्या फिल्मवर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटवितात.

मोटरची पेटी जमिनीवरील व हातांतील मोठ्या कॅमेऱ्यांतहि आली. म्युनिकच्या लिनहॉफ कंपनीनें ‘एरो-टेक्निका’ या कॅमेऱ्यांत पांच इंच रुंदीच्या फिल्मवर ४×५ इंचांचीं चित्रें मोटरनें घेण्याची सोय केली. परदेशांतील व्यक्तिचित्रांच्या स्टुडिओंत ७० मिलिमीटर रुंदीच्या लांब गुंडाळ्या विजेवर चालत. या प्रवासाचें शिखर म्हणजे १९८४ च्या ऑक्टोबरांत ‘चॅलेंजर’ या अंतराळयानांतून गेलेला ‘लार्ज फॉर्मेट कॅमेरा’. त्याचें एकेक चित्र २३ सेंटीमीटर रुंद व ४६ सेंटीमीटर लांब होतें आणि केंद्रांतर ३०५ मिलिमीटर. तत्त्व मात्र तेंच राहिलें: दोन रूळ, एक मापक, आणि फिल्मला सपाट धरणारी पाटी.

गुंडाळीनें दिलें पुष्कळ, तसें घेतलेंहि. सेल्युलॉइडची जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते आणि कालांतरानें आपोआप कुजते. १९५० च्या सुमारास तिचें उत्पादन बंद पडलें, परंतु जुने साठे राहिले. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यांतील असाच नायट्रेट फिल्मचा साठा फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत होता. तो ८ जानेवारी २००३ रोजीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला आणि भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळांतील अमोल ठेवा नाहींसा झाला. घरोघरीं पत्र्याच्या डब्यांत घट्ट गुंडाळून ठेवलेल्या निगेटिव्ह असतात, त्यांच्याकडेहि या दृष्टीनें पाहावें. फिल्म पिवळी पडून चिकट झाली असेल आणि तिला उग्र वास येत असेल, तर ती नायट्रेटची समजून उष्णतेपासून व इतर वस्तूंपासून दूर ठेवावी आणि जाणकाराच्या स्वाधीन करावी. शिरक्यासारखा वास येत असेल, तर ती नंतरच्या काळांतील अ‍ॅसिटेटची. तीहि खराब होऊं लागली आहे असें जाणावें. चांगल्या राहिलेल्या फिल्मचे तुकडे कागदी पाकिटांत सपाट, कोरड्या व थंड जागीं ठेवावे.

नकाशांच्या कामांतून फिल्मची गुंडाळी आतां बहुतांशीं गेली आहे. तिची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकांनीं घेतली. भात्याच्या कॅमेऱ्यासाठीं निघालेल्या कांहीं पेट्यांत तर मोटर फिल्मला न हलवितां संवेदकाची बारीक पट्टीच प्रतिमेवरून सरकविते. सर्कटची फट जणुं निराळ्या रूपानें परत आली आहे. भारत सरकारनें २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू केलेल्या स्वामित्व योजनेंत गांवठाणांचें मोजमाप ड्रोननें होतें आणि त्यावरून घरमालकांस मालमत्तेचे कागद मिळतात. त्या ड्रोनमध्यें फिल्म नाहीं. पण लागोपाठच्या चित्रांत सामाईक भाग ठेवण्याचा नियम तोच आहे, आणि तो साठ टक्क्यांहूनहि अधिक कसोशीनें पाळला जातो. आपल्या घराची भिंत कागदावर नेमकी कोठें पडते, हें अखेर या नियमावर अवलंबून असतें.

यंत्रानें चालणाऱ्या गुंडाळीची योग्यता तिच्या वेगावरून ठरवूं नये. जेथें एकाच चित्रांत सर्व कांहीं सांगावयाचें आहे, जेथें वस्तु हजार वर्षें जागची हललेली नाहीं, तेथें एकेक प्लेट लावणाऱ्या संथ हाताची सर मोटरला येत नाहीं. उलट पाहण्याच्या कामांत ती अडथळाच करील. परंतु जेथें पाहणारा स्वतःच वेगानें जात आहे आणि अनेक चित्रांची सांगड घालूनच सत्य हातीं लागणार आहे, तेथें माणसानें अंतर व वेळ ठरवून द्यावी आणि ती पाळण्याचें काम यंत्रावर सोंपवावें. कोणत्या कामास कोणतें साधन, हा विवेक मात्र कोणत्याहि पेटींत बसवून मिळत नाहीं; तो कॅमेऱ्यामागें उभ्या असलेल्या माणसापाशींच असावा लागतो.